न वाजणाऱ्या पाच फायली

बाईंच्या घशातली गाठ काढली गेली, त्या घरी आल्या, आणि दारातच नवऱ्याने सांगून टाकलं, "महिनाभर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय." बाई अजून औषधाच्या गुंगीत होत्या. त्यांनी मान हलवली आणि जाऊन पडल्या. दवाखान्यातून आलेले कागद नवऱ्याने आपल्या कपाटात ठेवून दिले.

बोलणं हा बाईंचा धंदाच होता म्हणा ना. उभा जन्म त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर त्या दृष्टिहीनांच्या ग्रंथालयात जाऊ लागल्या आणि तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करू लागल्या. शाळा सुटली तरी 'बाई' हे नाव काही सुटलं नाही. शेजारपाजार, दूधवाला, ग्रंथालयातली माणसं, सगळे त्यांना बाईच म्हणत. घरातही बोलण्याचं खातं त्यांच्याकडेच होतं. नवरा जमीन मोजणीच्या नोकरीत होता. दिवसभर उन्हात उभं राहून लोकांची भांडणं ऐकायची आणि घरी येऊन चहा प्यायचा, एवढंच त्याला ठाऊक. तो तापट नव्हता, घुम्याही नव्हता. बोलायचं काम घरात कोणीतरी करतंय, मग आपण कशाला, असा त्याचा हिशेब असावा.

गाठीचं निदान झालं तेव्हा बाई एका जाडजूड कादंबरीच्या मध्यावर होत्या. नदीवर होडी चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट होती ती. ग्रंथालयाचा नियम असा, की एका पुस्तकाला वाचक एकच. ऑपरेशननंतर आवाज कसा लागेल, लागेल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. बाईंनी मग घाई केली. ग्रंथालयातली रेकॉर्डिंगची खोली रोज मिळेना, म्हणून तिथलं हातात मावणारं रेकॉर्डर त्या घरी घेऊन आल्या. अडगळीच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, मधे एक खुर्ची आणि स्टूल मांडलं, आणि शेवटची पाच प्रकरणं तिथे बसून वाचली. आवाज बसत चालला होता. रोज सकाळी वाचायचं, संध्याकाळी रेकॉर्डरमधलं कार्ड काढून त्यातली फाईल कॉम्प्युटरवर घ्यायची, कार्ड परत जागच्या जागी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी पाचही फायली ग्रंथालयाला पाठवून दिल्या आणि सुटकेचा श्वास टाकला. पाठवण्याआधी ऐकून मात्र पाहिल्या नाहीत. आपला बसका आवाज ऐकायचा धीर झाला नाही.

मौनाचा तिसरा आठवडा चालू असताना ग्रंथालयातून फोन आला. फोन नवऱ्यानेच घेतला, कारण घरात आता तोच एक बोलता माणूस होता.

पलीकडे ग्रंथालयाचा तपासनीस होता. पुस्तक लोकांच्या हाती जाण्याआधी त्यातला शब्द न् शब्द ऐकून पास करायचा, हे त्याचं काम. तो स्वतः जन्मापासून दृष्टिहीन. त्याचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं त्याला बोलून दाखवायचा, तेही इतक्या भरभर की दुसऱ्या कोणाला ते मांजरांचं भांडण वाटावं.

"बाईंच्या पाचही फायली वाजत नाहीत," तपासनीस म्हणाला. "उघडायला गेलं की लांबी शून्य दाखवतात. तुमच्याकडे वाजतात का, जरा बघता?"

नवऱ्याने बाईंकडे पाहिलं. बाई कॉम्प्युटरपुढे बसल्या, पहिल्या फाईलवर बोट ठेवलं. पडद्यावर चौकट आली, की ही फाईल चालवता येत नाही. दुसरी, तिसरी, तीच रड. पाचवीसाठी त्यांनी डोळे मिटूनच बटण दाबलं.

"नाही वाजत," नवरा फोनवर म्हणाला.

"दुसरं काही वाजतं का? गाणं वगैरे?"

बाईंनी एक जुनं गाणं लावलं. ते इतकं मोठ्याने वाजलं की नवऱ्याच्या हातातून फोन पडता पडता राहिला.

"म्हणजे स्पीकर ठणठणीत आहे," तपासनीस म्हणाला. "आता फायलींचं वजन सांगा. तुमच्याकडे किती मोठ्या आहेत?"

बाईंनी आकडे पाटीवर लिहिले. बोलण्याच्या बदल्यात त्यांना एक पांढरी पाटी आणि पुसता येणारं पेन मिळालं होतं. नवऱ्याला चष्म्याशिवाय ते अक्षर लागेना. चष्मा सापडेपर्यंत तपासनीस शांतपणे शीळ घालत राहिला. नवऱ्याने आकडे वाचून दाखवले तशी शीळ थांबली.

"माझ्याकडेही हेच आकडे, म्हणजे वाटेत काही गळलेलं नाही. पण अहो, ही तर धिप्पाड पोरं आहेत. एका प्रकरणाला इतकं वजन कसं? शेवटची तेवढी अगदीच हडकुळी दिसतेय. पण पहिल्या चार फायलींत आवाज आहे, हे नक्की. पोतं गच्च भरलंय, फक्त आत काय आणि किती, ती वरची चिठ्ठी लिहायची राहून गेलीय. चिठ्ठी नाही म्हणून कॉम्प्युटर पोत्याला हात लावत नाही. बाई रेकॉर्डिंग बंद कसं करायच्या?"

बाईंनी लिहिलं, 'लाल बटण पुन्हा दाबून.'

"लाल बटण पुन्हा दाबून," नवऱ्याने सांगितलं.

"आणि दिवा? लाल दिवा विझायचा का?"

बाई जरा थबकल्या. दिवा विझत नसे. दिवा म्हणजे यंत्रात वीज आहे, एवढाच त्याचा अर्थ असं त्यांनी धरलं होतं. डोळ्यांवर येतो म्हणून त्या वर रुमाल टाकत असत.

हे सगळं नवऱ्याने पलीकडे कळवलं. तपासनीस मनापासून हसला, पण त्यात कुचेष्टा नव्हती. लाल बटण पुन्हा दाबून त्या यंत्राला काहीच होत नाही, त्याने सांगितलं. थांबवायचं बटण शेजारचं, चौकोनी. म्हणजे बाई खोलीतून उठून गेल्या तरी यंत्र आपलं ऐकतच बसलं, संध्याकाळी चालू रेकॉर्डिंगमध्ये कार्ड ओढून काढेपर्यंत. फाईल धड मिटलीच नाही.

मग पुढचा तासभर दुरुस्ती चालली. तपासनीसाने आवाज कापायचा-जोडायचा एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला. फाईल नेहमीसारखी उघडायची नाही, कच्चा माल म्हणून आत ओढायची, आणि आवाज किती वेगाने वाजवायचा ते आपणच त्याला सांगायचं. तो आकडे सांगे, नवरा ते मोठ्याने म्हणे, बाई टाईप करत. पहिल्यांदा नुसता खरखराट आला, पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. दुसऱ्यांदा आतून एक पुरुष बोलू लागला, जड, पेंगुळलेला, जणू भरपेट जेवून बसलेला.

"हा कोण?" नवरा म्हणाला.

बाईंनी ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. हसायलाही बंदी होती. वेग दुप्पट केल्यावर तो पुरुष नाहीसा झाला आणि बाईंचा स्वतःचा आवाज खोलीत आला, बसका, तरीही त्यांचाच. मोठी बहीण वल्हं पाण्यात टाकत होती.



शेवटची फाईल मात्र हाती लागली नाही. चार दिवस घरातली शांतता साठवून कार्ड काठोकाठ भरत आलं होतं. पाचव्या दिवशी प्रकरणाची दोन-चार पानं मावली आणि जागा संपली. बाकीचं प्रकरण बाईंनी वाचलं खरं, पण ते गोधड्यांनीच ऐकलं.

"शेवटचं प्रकरण पुन्हा लागेल," तपासनीस म्हणाला. "बाई बोलायला लागल्या की बघू. नाहीतर दुसऱ्या वाचकाचा विचार करावा लागेल, आणि मग पुस्तक पहिल्यापासून. वाट बघणारे बरेच आहेत."

बाईंनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'थांबा. मीच वाचणार. लवकरच.'

नवऱ्याने ते वाचलं, चष्मा काढला आणि फोनवर म्हणाला, "ती म्हणतेय, वेळ लागेल. घाई नको."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो चष्म्याच्या काचा पुसत होता.

बाकीच्या तीन फायली बाई पुढच्या दिवसांत एकट्याच दुरुस्त करत बसल्या. वाचनाचा भाग ठेवायचा आणि पुढचं घराचं रेकॉर्डिंग कापून टाकायचं. कानाला हेडफोन लावून त्या ऐकत. रिकामी खोली ऐकायलाही काही कमी नसतं. नळ, वरच्या मजल्यावरची खुर्ची, रस्त्यावरचा हॉर्न, लांबून आलेला स्वतःचाच खोकला.

एका दुपारी नवरा समोर बसून लसूण सोलत होता. या मौनाने त्याला एक नवीनच खोड लागली होती, ती म्हणजे बोलायची. घर गप्प झालं तसं त्याला करमेना. तो मोजणीच्या नोकरीतल्या गोष्टी सांगू लागला होता. त्या दिवशी तो दोन भावांची गोष्ट सांगत होता. वाटणीसाठी त्यांचं घर मोजलं, तर हद्द नेमकी चुलीवरून गेली. भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण चूल कोणी मोडेना. मग दोघांच्या बायका हद्दीच्या दोन्ही बाजूंनी बसून एकाच चुलीवर स्वयंपाक करत, एकमेकींशी चकार शब्द न बोलता.

बाईंनी लिहिलं, 'हे मला कधी सांगितलं नाहीत.'

"बोलायला फट कुठे मिळत होती?" तो म्हणाला आणि नवा गड्डा फोडायला घेतला.

बाईंनी हेडफोन पुन्हा कानाला लावला. तिसऱ्या फाईलमध्ये वाचन संपून बराच वेळ झाला होता. दार वाजलं. पावलं आली. मग त्याचाच आवाज आला, इथे समोर बसलेल्या माणसाचा, पण महिन्यापूर्वीचा. तो फोनवर आपल्या थोरल्या बहिणीशी बोलत होता. खोलीत गोधड्या होत्या, बाहेर आवाज फारसा जात नव्हता, म्हणून तो तिथे आला असणार.

"ताई, मी आज डॉक्टरांना भेटून आलो. नाही, तिला नाही नेलं. ते म्हणाले, आठ-दहा दिवस गप्प ठेवा, मग हळूहळू बोलू द्या. पण तुला माहितीय ना ही कशी आहे. आठ दिवस सांगितले तर चौथ्या दिवशी पुस्तक घेऊन बसेल. मी महिना सांगणार आहे."

पलीकडे वन्सं काही बोलल्या असाव्यात.

"चुकतंय? चुकत असेल. पण आवाज कायमचा गेला म्हणजे?" मग थोडं थांबून, जरा हसून, "आणि महिनाभर घरात जरा शांतता मिळाली तर मला काही ती टोचणार नाही. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू?"

फोन संपला. तो उठून गेला असेल असं बाईंना वाटलं, पण दार वाजलं नाही. खुर्ची तेवढी करकरली. बराच वेळ तो त्या खोलीत नुसता बसून होता.

बाईंचे कान तापले. समोरच्या माणसाने मान वर केली.

"वाजतंय ना नीट?" त्याने विचारलं.

बाईंनी अंगठा वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'फिरून येते' असं लिहून त्या थेट दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांच्या मदतनीस मुलीपुढे पाटी धरली, तर ती बघतच राहिली.

"अहो, तुम्ही अजून लिहिताय? तुम्हाला केव्हाच बोलायला हरकत नव्हती. कागदावर आहे की सगळं!" तिने घशात आरसा घालून पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पाहिलं. सगळं छान भरून आलं होतं. जास्त दिवस गप्प राहिल्याने नुकसान काही झालं नव्हतं, झालाच असेल तर फायदा. "म्हणा, आ," डॉक्टर म्हणाले.

"आ," बाई म्हणाल्या, आणि मागे कोणी उभं आहे का म्हणून वळून बघितलं. आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. खालच्या मजल्यावरून आल्यासारखा, भरड, रुंद. डॉक्टर म्हणाले, थोडा सुधारेल, पण पूर्वीचा येईल असं धरून चालू नका.

परतीच्या वाटेवर बाई एका बाकावर बसल्या आणि हळू आवाजात देशांच्या राजधान्या म्हणून पाहिल्या. येणारे-जाणारे बघत होते. राग येऊन गेला होता, म्हणजे रात्रभर येऊन गेला होता. त्याने फसवलं, हे खरंच होतं. त्याला भीती वाटली होती, तेही खरं. आणि शांतता हवी होती, हे सगळ्यात खरं, आणि तेच नेमकं जिव्हारी लागलं होतं. आपण इतकं बोलत होतो का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला आजवर विचारला नव्हता. विचारायला फट मिळाली नव्हती, असंच म्हणायचं.

घरी जाऊन त्या काही बोलल्या नाहीत. पाटी घेऊन बसल्या. नवऱ्याने चहा आणला आणि एका वाकड्या विहिरीची गोष्ट सुरू केली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली. त्यानंतरही काही दिवस त्या तशाच राहिल्या. त्याला शिक्षा म्हणून, असं त्यांनी पहिल्यांदा मनाशी धरलं होतं. पण तिसऱ्या-चौथ्या गोष्टीनंतर ते कारण काही खरं वाटेना. गोष्टी चांगल्या होत्या.

एके दिवशी नवरा बहिणीकडे जायला निघाला. संध्याकाळी येतो म्हणाला. दार लागल्यावर बाईंनी भिंतींना गोधड्या टांगल्या, रेकॉर्डर ठेवलं, कार्ड रिकामं असल्याची खात्री केली आणि शेवटचं प्रकरण उघडलं. सुरुवातीला शब्द अडखळले. नव्या आवाजाला खालून सुरुवात करावी लागत होती, वर चढलं की तो फाटत होता. मग त्यांनी वर चढायचा नाद सोडला. दोन बहिणींपैकी धाकटी आता एकटीच होडी नेत होती, आणि तिच्या तोंडी हा आवाज तितकासा वाईट वाटत नव्हता.

नवऱ्याची बस चुकली होती. पुढच्या बसची वाट बघण्याऐवजी तो घरी परतला. कुलूप उघडलं आणि आतून कोणा परक्या बाईचा आवाज त्याच्या कानावर आला. तो दारातच खिळला. अडगळीच्या खोलीबाहेर येऊन त्याने कान दिला. कोणीतरी नदीच्या पुराबद्दल बोलत होतं.

"कोण आहे आत?" त्याने जरा दरडावूनच विचारलं.

आतला आवाज थांबला. चौकोनी बटण दाबल्याचा टक् आवाज झाला. दार उघडलं.

"मीच," बाई म्हणाल्या.

त्याने त्यांच्या मागे खोलीत पाहिलं, जणू अजून कोणी निघेल.

"तू बोललीस."

"बोलले."

"अगं, पण महिना..." एवढं म्हणून तो थांबला. बाईंनी त्याला पुढे बोलायला पुरेसा वेळ दिला. त्यांना आता ती सवय झाली होती. "डॉक्टर आठ-दहा दिवसच म्हणाले होते," तो अखेर म्हणाला. "मी महिना सांगितला."

"ऐकलंय मी. तिसऱ्या फाईलमध्ये आहे. वन्संशी बोलत होतात."

तो आत येऊन त्यांच्याच खुर्चीत बसला. "सगळं ऐकलंस?"

"सगळं. शांततेचंही."

"आणि इतके दिवस गप्प राहिलीस?"

"विहिरीची गोष्ट अर्धी राहिली असती," बाई म्हणाल्या. मग आवाज जरा कडक झाला, म्हणजे नव्या आवाजात जेवढा होऊ शकत होता तेवढा. "पुन्हा माझ्या वतीने परस्पर काही ठरवायचं नाही. फोनवरसुद्धा नाही. मी लिहीन तेच सांगायचं."

"बरं," तो म्हणाला. माफी त्याने मागितली नाही. मागितली असती तर बाईंना अवघडल्यासारखं झालं असतं. तो उठून गोधडीचं निसटलेलं टोक खिळ्याला अडकवू लागला. "पुढचं वाचून घे. मी बाहेर बसतो. खोकणार नाही."

प्रकरण त्या दुपारी पुरं झालं. बाईंनी ते ऐकून पाहिलं आणि मगच पाठवलं. दोन दिवसांनी तपासनीसाचा फोन आला. या खेपेला फोन बाईंनी घेतला.

"शेवटचं प्रकरण कोणी वाचलंय?" त्याने विचारलं.

"मीच की."

बाईंना वाटलं, आता पुस्तक पहिल्यापासून. चारशे पानं मागे जायचं आणि या आवाजात पुन्हा होडी हाकायची.

"पुन्हा बोला काही," तो म्हणाला.

"काय बोलू? घसा बरा आहे. औषध संपलंय. हवा दमट आहे."

"श्वास तुमचाच आहे," तपासनीस म्हणाला. "स्वल्पविरामाला थांबता तसंच थांबता. ठीक आहे. नियमात एका पुस्तकाला एक वाचक असं लिहिलंय. आवाजाबद्दल काही नाही. मी पास करतो." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "बाई, त्या मोठ्या फायली मूळच्या माझ्याकडेही आहेत. तुमच्या कापलेल्या येण्याआधी मी त्या त्याच युक्तीने उघडून तपासल्या. काय कापायचं ते ऐकल्याशिवाय कळत नाही. तेव्हा ऐकलं नाही असं म्हणणार नाही. आता पुसून टाकल्यात."

"तिसरीसुद्धा?"

"ती आधी पुसली."

बाईंनी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी जेवताना नवरा बराच वेळ ताटात बोट फिरवत होता. शेवटी म्हणाला, "त्या दिवशी दाराबाहेरून मी अर्धंमुर्धंच ऐकलं. ती पुरात होडी घेऊन निघाली. पोचली का?"

"कोण ती, कुठे निघाली, का निघाली, तुम्हाला काही ठाऊक आहे?"

"नाही."

"मग पहिल्यापासून सांगावं लागेल."

"सांग की."

"आज नको," बाई म्हणाल्या. "घसा दमलाय." आणि त्यांनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.